मुखेडची माणसं देगलूरच्या चुलीवर

उदगीरच्या मंजुश्रीला मांडी घालता येत नाही, हे तिच्या ओळखीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. कारण कुठेही गेली तरी ती आधी खुर्ची शोधते. दोन वर्षांपूर्वी ओल्या पायरीवरून घसरली आणि गुडघ्यात सळई बसली. घरचं सगळं ती उभ्यानं करते. इष्टलिंगाची पूजासुद्धा स्टुलावर बसून होते, आणि त्यात तिला काही कमी वाटत नाही. देवाला स्टूल चालतं, असं ती म्हणते. चालत नाही ते मठातल्या चुलीला.

गावाबाहेरच्या मठात श्रावणाच्या पहिल्या सोमवारी दासोह असतो. नऊ गावची माणसं आपापलं पीठ, डाळ, भाजी घेऊन येतात, अंगणात नऊ चुली पेटतात आणि जो येईल त्याला पोटभर वाढलं जातं. कुणाची चूल कुठली, कुठल्या चुलीवर काय शिजणार, सगळं ठरलेलं. मंजुश्री लग्न होऊन आली त्या वर्षापासून उदगीरच्या चुलीवर भाकरी थापायची. बावीस श्रावण थापली. तिच्या हातची भाकरी तव्यावरून उतरून निखाऱ्यापुढे उभी केली की टम्म फुगायची आणि पंगतीतली म्हातारी माणसं ती ओळखून मागून घ्यायची. मग गुडघा गेला. त्या श्रावणात बायकांनी तिला मोठ्या मायेनं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, सरबताचा पेला हातात दिला आणि दारातल्या चपलांवर जरा लक्ष ठेव म्हणून सांगितलं.

तिनं दिवसभर चपला राखल्या. घरी आल्यावर सासूबाई, शिवम्मा, समजूत घालायला गेल्या.

"चपला राखणं बी सेवाच हाय, मंजे."

"हाय ना, अव्वा. पुढच्या साली तुम्ही राखा. नैवेद्याचं ताट मी धरते, ते उभ्यानं जमतंय."

शिवम्मांनी पुन्हा तो विषय काढला नाही. पण मंजुश्रीच्या मनात तो राहिला तो राहिलाच. रोज सकाळी विभूती लावताना तिला वाटायचं, ज्याच्या दारात बावीस वर्षं हात भाजून घेतले त्याच्या दारात आता आपण पाहुणी झालो. मायेनं खुर्ची देतात ती पाहुण्याला.

नांदेडची दामिनी तिच्या नणंदेची मुलगी, कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला. दिवाळीत आजोळी आली तेव्हा तिच्या लॅपटॉपमध्ये मंजुश्रीनं सहज डोकावून पाहिलं. वेबपेज कसं बनतं ते दामिनीनं दाखवलं: चार ओळी लिहिल्या आणि पडद्यावर एक चौकट आली, तिच्याखाली बटण आलं. मंजुश्रीनं ते बटण दहा वेळा दाबलं. हे मला शिकव, म्हणाली. भाची हसली, पण मामी हसत नव्हती. मग आठ महिने दर रविवारी दुपारी नांदेडहून व्हिडिओ कॉल यायचा आणि मंजुश्री ओट्यापाशी उभी राहून शिकायची. श्रीशैलनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, दुकानातला जुना लॅपटॉप तिला दिला. त्याचं एक बटण चालत नव्हतं. ते अक्षर ती दुसरीकडून उचलून आणायची. बारावीनंतर पंचवीस वर्षांनी ती पुन्हा वहीत धडे उतरवून घेत होती.

ज्येष्ठात ती मठात जाऊन बसलिंगप्पांपुढे उभी राहिली. बसलिंगप्पा मठाचे कारभारी, सत्तरी ओलांडलेले. दासोहाची नोंदणी ते एकहाती करायचे: नऊ गावांहून फोन यायचे आणि ते जाड वहीत लिहायचे. कोण घर, किती माणसं, काय आणणार. दरवर्षी एखादं घर राहून जायचं आणि दरवर्षी ते घर भर अंगणात विचारायचं की आमचं नाव कोणी खाल्लं. मंजुश्रीनं सांगितलं की फोनवर भरता येईल असा फॉर्म मी करते. ज्यानं त्यानं आपलं भरावं, बदल असला तर तोच फॉर्म पुन्हा उघडून नीट करावं, आणि शेवटी यादी आपोआप निघेल.

बसलिंगप्पांनी चष्मा काढून पुसला. "एक साल बघू. पण दासोहाच्या आधीच्या शनिवारी पाच वाजता यादी माझ्या हातात पाहिजे. चुकली, तर माझी वही हायेच. आणि मग पुन्हा मशिनीचं नाव न्हाई काढायचं."

आषाढभर नोंदणी चालली. मंजुश्रीला इतका आनंद तिच्या लग्नातही झाला नसेल. लॅपटॉप उघडला की नवी नावं आलेली असायची. कणिक मळता मळता मध्येच हात पुसून ती बघून यायची: देगलूरची चार घरं वाढली, कंधारचं एक. आषाढ संपला तेव्हा दोनशे चौदा घरं झाली होती. वहीत एकशे नव्वदच्या वर कधी गेली नव्हती.

फॉर्ममध्ये गावाची जागा होती ती ड्रॉपडाउनची. बोट लावलं की नऊ गावांची यादी खाली उघडते, त्यातलं आपलं निवडायचं. ही यादी मंजुश्रीनं बसलिंगप्पांच्या वहीतून जशीच्या तशी उतरवली होती: मुरुड, निलंगा, औराद, देवणी, जळकोट, मुखेड, देगलूर, कंधार, उदगीर. कुणी भरलेला फॉर्म पुन्हा उघडला, तर त्याचं गाव आपोआप निवडलेलं दिसावं म्हणून तिनं स्क्रिप्ट लिहिली होती. स्क्रिप्ट म्हणजे पानाबरोबर जाणारी सूचना. ती बघणाऱ्याच्याच फोनमध्ये चालते. तिची सूचना सोपी होती. फॉर्म भरताना गावाचा यादीतला नंबर साठवायचा, आणि पुन्हा उघडला की त्याच नंबरचं गाव निवडायचं. कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो, म्हणून मुरुड शून्य, निलंगा एक, असं करत मुखेड पाच. आषाढभर एकदाही चुकलं नाही.

आता त्या मठाची एक रीत आहे. हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची गुळातली खीर, ती ज्या गावानं शिजवायची ते मानाचं गाव. हा मान दरवर्षी सरकतो. श्रावण लागला त्या संध्याकाळी हुग्गी हलवायचा मोठा लाकडी डाव स्वामीजी पुढच्या गावाच्या हाती देतात, आणि त्या क्षणापासून ते गाव सगळ्या यादीत पहिलं. कालचं पहिलं गाव जातं शेवटाला. यंदा श्रावण शुक्रवारी लागला. डाव मुरुडकडून निलंग्याकडे गेला, आणि मठातूनच बसलिंगप्पांनी फोन केला की यादीत निलंगा वर घे, मुरुड खाली.

मंजुश्रीनं लॅपटॉप उघडला. मुरुडची ओळ वरून कापली, उदगीरच्या खाली चिकटवली. निलंगा आपोआप वर आला. दोन मिनिटांचं काम. वहीत असतं तर अप्पांना नऊ पानं नव्यानं लिहावी लागली असती, असं तिनं श्रीशैलला जेवताना ऐकवलं सुद्धा.

शनिवारी सकाळी आठला ती पूजेला बसली होती, तेव्हा फोन वाजू लागला. वाजू दिला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा शिवम्मांनी तो आणून तिच्या कानाशी धरला. मुखेडचे महादेवप्पा होते. मुखेडच्या एकतीस घरांचं दासोहाचं सगळं तेच बघतात.

"मंजुताई, आमची चूल बदलली का?"

ती नाही म्हणाली.

"मग रात्री फॉर्म उघडला तर गाव देगलूर कसं काय दिसून राहिलं? सकाळी सुनेकडून बघून घेतलं, तरी देगलूर. शेजाऱ्याचं उघडलं, ते बी देगलूर. चूल बदलली असंल तर तसं सांगा, आम्ही रुसणारी माणसं न्हाई. पण आमच्या बायका देगलूरच्या बायकांच्या हाताखाली वांगी चिरणार न्हाईत, हे आधीच सांगून ठेवतो."

त्यांनी स्वतःचं गाव फॉर्ममध्ये पुन्हा मुखेड करून ठेवलं होतं. बाकी तीस घरांचं तुम्ही बघा, म्हणाले.

मंजुश्रीनं पूजा कशीबशी पुरी केली. तोवर आणखी फोन आले. औरादची एक बाई देवणीची झाली होती. उदगीरच्याच, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या बाईला पान मुरुडला पाठवत होतं, आणि तीन तास बसमध्ये बसून मी जेवायला जाऊ का, असं ती विचारत होती. तक्रार आली नाही ती फक्त मुरुडहून. कारण मुरुडची माणसं झाली होती निलंग्याची, म्हणजे हुग्गीच्या चुलीवरची.

शिवम्मा हे सगळं ऐकत गव्हातले खडे वेचत होत्या. "वहीत लिहिलेलं गाव रातोरात उठून चालत न्हाई बाई," एवढंच म्हणाल्या.

तिनं दामिनीला पुन्हा पुन्हा फोन लावला. बंद. मग आठवलं, आज तिचं प्रॅक्टिकल, पाच वाजेपर्यंत. तेवढ्यात बसलिंगप्पांचा फोन आला. त्यांच्या कानावर गेलंच होतं. रागावले नाहीत, तेच मंजुश्रीला जास्त लागलं. वही काढून ठेवली हाय, म्हणाले. पाच वाजता यादी आली तर ठीक, न्हाई आली तर मी नऊ गावांना फोन लावतो. तू मनाला लावून घेऊ नको.

फोन ठेवून ती ओट्याशी उभी राहिली. नऊ वाजले होते. तिच्या डोळ्यांपुढे ती प्लास्टिकची खुर्ची आली, दारातली. यंदा चुकलं तर तीच खुर्ची, जन्मभर.

मग तिनं एक कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे खरं गाव, उजवीकडे पान दाखवतं ते गाव. मुखेडपुढे देगलूर. औरादपुढे देवणी. उदगीरपुढे मुरुड. मुरुडपुढे निलंगा. चार ओळी लिहून होईस्तोवर तिला दिसलंच: प्रत्येक जण बरोबर एक घर पुढे सरकला होता. पानानं काही विसरलेलं नव्हतं. महादेवप्पांच्या शेजाऱ्याच्या नावापुढे पाच लिहिलेलं होतं आणि पान इमानानं पाच नंबरचं गाव दाखवत होतं. फक्त त्या जागेवर आता देगलूर येऊन बसलं होतं. आपण माणसाचं गाव लिहिलंच नव्हतं, गाव कितव्या जागेवर बसलंय ते लिहिलं होतं. आणि जागा तर दर श्रावणाला सरकणार.

तिला इतकं बरं वाटलं की ती एकटीच हसली. शिवम्मांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खड्यांत घातली.

अकराला श्रीशैल चहाला आला. सगळं ऐकून म्हणाला, मग सोपं आहे, मुरुड परत वर ठेव, सगळे आपापल्या जागी येतील. क्षणभर तिचा हात पुढे गेला. खरंच दोन मिनिटांचं काम होतं. पण मग निलंग्याच्या माणसांनी, ज्यांच्या हाती कालच डाव आला, यादी उघडली की वर मुरुड बघायचं. नऊ वर्षांनी आलेला मान. आणि पुढच्या श्रावणात पुन्हा हेच.

"मान सरकणार," ती म्हणाली. "तो सरकायलाच पाहिजे. त्याच्यासंगं माणसं सरकायला नको."

श्रीशैलनं चहा तसाच उभ्यानं प्याला, दुकानाला फोन करून नोकराला बसायला सांगितलं आणि तिच्या बाजूला स्टूल ओढलं. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. पण बसला.

मंजुश्रीनं धड्यांची वही चाळली. माघातल्या एका रविवारचं पान होतं. तिथं दामिनीनं सांगितलेलं तिनं लिहून घेतलं होतं: ड्रॉपडाउनमधल्या प्रत्येक पर्यायाला दोन गोष्टी असतात. एक माणसाला दिसते ती, आणि एक कॉम्प्युटरसाठी आत ठेवलेली, तिला व्हॅल्यू म्हणतात. भाचीनं सांगितलं म्हणून तिनं नऊही गावांना व्हॅल्यू देऊन ठेवली होती, इंग्रजी अक्षरांत गावाचंच नाव. दिली आणि विसरली, कारण कामच पडलं नव्हतं. नंबरानं भागत होतं.

आता तिनं स्क्रिप्टमधली ती ओळ काढली. साठवलेल्या नंबरचा पर्याय निवड, असं जिथं लिहिलं होतं तिथं लिहिलं की या ड्रॉपडाउनची व्हॅल्यू साठवलेल्या व्हॅल्यूएवढी कर. म्हणजे ब्राउझरनं यादी धुंडायची. ज्या पर्यायाच्या पोटात मुखेड लिहिलंय तो सापडला की तोच निवडायचा, मग तो वर असो, खाली असो, कुठंही असो. ओळ आधीच्या ओळीपेक्षा लहानच होती. साठवतानाही नंबराऐवजी व्हॅल्यू साठवायची, अशी दुसरी ओळ बदलली. ॐ नमः शिवाय म्हणून तिनं नऊ गावांची नऊ खोटी घरं साठवणीत हातानंच टाईप केली आणि एकेक उघडून पाहू लागली.

निलंगा, निलंगा. औराद, औराद. मुखेड, मुखेड. श्रीशैल प्रत्येकाला मान डोलावत होता. जळकोट उघडलं आणि गावाची चौकट रिकामी. काहीच निवडलेलं नाही. तिनं पुन्हा उघडलं, पुन्हा रिकामी. आठ गावं बरोबर आणि एकच गायब, हे काय? तिनं जळकोटच्या ओळीत अक्षर न् अक्षर मोजलं. सगळं बरोबर होतं. मग कर्सर शेवटच्या अक्षरापुढे नेऊन पाहिला, तर तो अवतरणचिन्हाला भिडत नव्हता. मध्ये एक जागा सुटलेली होती. ज्येष्ठात टाईप करताना अंगठा लागला असणार. डोळ्यांना न दिसणारी ती मोकळी जागा कॉम्प्युटरला अक्षराएवढीच खरी. खोट्या घराची व्हॅल्यू तिनं हातानं टाईप केली होती, तिच्यात जागा नव्हती; म्हणून जुळेना, आणि जुळत नाही म्हणून त्यानं कुणालाच निवडलं नव्हतं.

तिनं जागा पुसली. जळकोट आलं. आणि तिला एक गोष्ट फार आवडली: नाव जुळलं नाही तर हे पान आता रिकामं राहत होतं, भलतं गाव पुढे करत नव्हतं. ठाऊक नसलं तर गप्प बसणं माणसालाही नेहमी जमत नाही, असं ती श्रीशैलला म्हणाली. श्रीशैल म्हणाला, कुणाला ऐकवून राहिलीस?

एक वाजला होता. आता जुनी दोनशे चौदा घरं. त्यांच्यापुढे अजून नंबरच होते. ते नंबर मुरुड वर असतानाच्या यादीतले, म्हणून तिनं जुन्या क्रमाचा तक्ता केला आणि त्याप्रमाणे नंबरांच्या जागी गावं भरून घ्यायला निघाली. शेवटचं बटण दाबायच्या आधी, सहज खात्री म्हणून, महादेवप्पांचं नाव काढलं. त्यांच्यापुढे चार होतं. जुन्या यादीत चार म्हणजे जळकोट.

ती थबकली. मग उलगडलं. महादेवप्पांनी सकाळी स्वतःचं गाव नीट केलं होतं, ते नव्या यादीतून. आणि नव्या यादीत मुखेड चारवर. बटण दाबलं असतं तर मुखेडच्या पुढाऱ्याला तिनं दुपारी जळकोटला धाडलं असतं.

म्हणजे काल संध्याकाळनंतर ज्यांनी फॉर्म पुन्हा साठवला, त्यांच्या नंबराचा भरवसा नाही. कुणी महादेवप्पांसारखं गाव दुरुस्त केलं असेल, कुणी गावाकडे न बघता नुसती माणसं वाढवून साठवलं असेल. नंबर बघून कळणार नाही. प्रत्येक नोंदीपुढे वेळ होती. तिनं मोजली: शुक्रवार संध्याकाळनंतरची अकरा घरं. बाकीच्या दोनशे तीन घरांना जुना तक्ता लागू केला. अकरांना विचारणं भाग होतं.

फोन सुरू झाले. तिच्या फोनवरून तिनं आणि त्याच्या फोनवरून श्रीशैलनं. तुमचं गाव कुठलं, हा प्रश्न ओळखीच्या माणसाला विचारणं किती अवघड असतं ते श्रीशैलला तेव्हा कळलं. देवणीच्या एका गृहस्थांनी त्याला उलट विचारलं की तुझी तब्येत बरी आहे ना. चारपर्यंत दहा घरं झाली. अकरावं रेवणसिद्ध नावाच्या कुणाचं. पुढे नंबर एक, गाव कळेना, फोन बंद. सव्वाचार झाले, साडेचार होत आले.

शिवम्मांचे खडे वेचून केव्हाच झाले होते. त्या उठल्या नव्हत्या. "कोण रेवणसिद्ध? घरात माणसं किती लिवलीत?"

सात, असं मंजुश्रीनं सांगितलं.

"सात म्हंजे गंगव्वाचा जावई. निलंग्याचा." त्यांनी कमरेची पिशवी सोडली, आतला छोटा बटणांचा फोन काढला, नंबर बघून नाही तर बोटांच्या सवयीनं दाबला, आणि गंगव्वाशी आधी पावसाचं, मग गुडघ्याचं बोलून मग विचारलं. निलंगाच. जावयानं रात्री एक माणूस वाढवलं होतं, गंगव्वाच्या लेकीची नणंद आली होती म्हणून. गावाकडे पाहिलंही नव्हतं. फोन ठेवताना शिवम्मांनी पलीकडे सांगितलं की आमची सून यादी करून राहिली, तिला टाईम न्हाई, मग बोलते. आमची सून, हे त्यांनी जरा मोठ्यानं म्हटलं.

लॅपटॉप पोटाशी धरून मंजुश्री श्रीशैलच्या स्कूटरवर एका बाजूनं बसली आणि पाचला दहा कमी असताना मठात उतरली. बसलिंगप्पांपुढे जाड वही उघडी होती, टोपण काढलेलं पेन मध्ये आडवं. त्यांनी तिला खुर्ची दिली. ती उभी राहिली.

काय चुकलं होतं ते तिनं सरळ सांगितलं, आपली चूक आहे असंही सांगितलं. बसलिंगप्पांनी सगळं ऐकलं, आणि मग म्हणाले, ह्या बोलण्यावर माझा भरोसा न्हाई, करून दाखव. मुखेड वर घे. तिनं मुखेडची ओळ उचलून सगळ्यांच्या वर ठेवली आणि महादेवप्पांचा फॉर्म उघडला. मुखेड. आता मुखेड सगळ्यात खाली. पुन्हा मुखेड. मग त्यांना गंमत वाटू लागली असावी. पूर्ण यादी उलटी कर, म्हणाले. केली. मधलं वर, वरचं मधी. केलं. स्वतःचा फोन काढून त्यांनी आपलं घर उघडलं, फोन लांब धरून वाचलं, आणि शेजारी बसलेल्या मठाच्या कारकुनाला दाखवलं: उदगीर.

"म्हंजे आता कितीबी वरखाली केलं तरी?"

"कितीबी करा, अप्पा. माणूस आपल्या गावातच राहणार."

त्यांनी निलंगा पुन्हा वर घ्यायला लावला आणि यादी काढायला सांगितली. मठाच्या कचेरीतलं यंत्र कुरकुरत पानं बाहेर टाकू लागलं. निलंगा, अठ्ठावीस घरं. औराद, बावीस. मंजुश्रीला उभं राहवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं. दामिनीचा फोन आला. मामी काय झालं, बारा मिसकॉल का? मग करते, अप्पा यादी वाचून राहिलेत, एवढं बोलून तिनं ठेवला.

बसलिंगप्पा बोट ठेवून वाचत गेले. मुखेडची एकतीस घरं त्यांनी दोनदा मोजली. देगलूरमध्ये मुखेडचं कुणी सापडतंय का ते पाहिलं, सापडलं नाही. उदगीरच्या पानावर मात्र त्यांचं बोट वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं.

"तुझं घर कुठंय ह्यात?"

मंजुश्री वाकून पाहू लागली. महिनाभर दोनशे चौदा घरं तिनं रोज मोजली होती, आणि आपलं भरलंच नव्हतं. तिच्या मनातच आलं नव्हतं. भरायचं ते चुलीवर बसणाऱ्यांनी. तिनं तसं सांगितलं, हळू आवाजात.

बसलिंगप्पांनी पेन बाहेर काढून वही मिटली आणि कपाटात ठेवून दिली. मग ते पेन उदगीरच्या पानाच्या तळाशी टेकवलं. सेवा काय लिहू, असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाले, यादी. यंदाची सगळ्यात अवघड सेवा तीच झाली. सोमवारी खुर्ची दारात न्हाई, चुलींच्या मधोमध ठेवू. येईल तो तुला विचारून आपल्या चुलीवर जाईल.

त्यांनी म हे अक्षर काढलं होतं, तेवढ्यात मंजुश्रीनं पानावर हात ठेवला.

"हातानं नका लिवू, अप्पा. सगळ्यांनी फॉर्म भरला, मी बी भरते."

तिनं तिथंच, कचेरीच्या टेबलाशी उभ्यानं, फॉर्म उघडला. नाव लिहिलं. माणसं तीन. ड्रॉपडाउन उघडला, निलंग्यापासून मुरुडपर्यंत नऊ गावं खाली उतरली. तिनं उदगीरवर बोट ठेवलं, साठवलं, आणि बसलिंगप्पांचा चष्मा नाकावर नीट बसेपर्यंत थांबून तोच फॉर्म पुन्हा उघडून दाखवला. मग त्या एका पानाची नवी प्रत काढायला यंत्र पुन्हा कुरकुरू लागलं, दोनशे पंधरा घरांची यादी पुरी झाली, आणि बाहेर पायऱ्यांवर महादेवप्पांना फोनवर सांगणाऱ्या श्रीशैलचा आवाज येत राहिला की हाव, मुखेडच, शंभर टक्के मुखेड, तुम्ही वांगी घेऊन या.